लिनक्सवर गेमिंग सुरू करताय? मशीनच्या आधी गेमवाल्याची कुंडली बघा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून ओळखीतली पोरं मला एकच विचारतात, लिनक्सवर (विंडोजच्या जागी टाकायची दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम) गेम चालतात का. पहिला माझा भाचाच. जुळे सोलापुरात राहतो, पीसी सहाव्या पिढीच्या आय ५ चा, त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही, दुकानवाला म्हणाला आता नवीनच घ्या, आणि घरातनं नव्या पीसीचे पैसे निघायचे म्हणजे गड्ड्याची जत्रा दोनदा येऊन जाईल तरी ताईचं "बघू" काही संपणार नाही. मग आला माझ्याकडं. "मामा, इतकी वर्षं त्या लिनक्सवर तू काय करलालास? मला पण टाकून दे की."

दिलं टाकून. तासाभराचं काम होतं. पण नंतरचे दोन महिने रोज रात्री दहाला फोन, मामा हा गेम उघडत नाही, मामा काल चालत होता आज बंद पडला, मामा सपोर्टवाले म्हणतात विंडोज टाका. ते सगळं एका जागी लिहून काढलं तर पुढच्या माणसाचे (आणि माझे) फोन वाचतील म्हणून हा लेख. मी प्रोटॉन (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) यायच्या आधीपासून लिनक्सवर खेळतोय, पैसे पण घालवलेत, आणि आता माझं एक ठाम मत झालंय: गेम आज चालतो का हे पाच मिनिटात कळतं, पण पुढच्या वर्षी अपडेट आल्यावर चालेल का हे तो बनवणाऱ्याच्या सवयींवरनंच कळतं. म्हणून खाली मशीन आणि इन्स्टॉलवर कमी लिहिलंय आणि गेमवाल्यांवर जास्त.

आधी वही घ्या

पेनड्राइव्ह नंतर. आधी वहीत तुम्ही खरंच खेळता ते पाच गेम लिहा. "खेळणार आहे" वाले नको, गेल्या महिन्यात खेळलेले. आता प्रत्येकापुढं लिहा, एकट्यानं खेळायचा की ऑनलाइन, आणि ऑनलाइन असेल तर अँटीचीट (चीटर पकडणारं सॉफ्टवेअर) कोणतं.

एकट्यानं खेळायचे गेम असतील तर निम्मं टेन्शन गेलं, बहुतेक सगळे चालतात. ऑनलाइन स्पर्धेचे असतील तर नीट वाचा. व्हॅलोरंट लिनक्सवर चालत नाही. लीग ऑफ लेजंड्स पूर्वी चालायचा, मे २०२४ मध्ये त्यात व्हॅनगार्ड नावाचं अँटीचीट आलं आणि बंद झाला. फोर्टनाइट नाही. पीसीवरचा पबजी नाही. जीटीए ऑनलाइन सप्टेंबर २०२४ पर्यंत मजेत चालत होता, मग त्यात बॅटलआय नावाचं अँटीचीट घातलं आणि लिनक्सवाले बाहेर, स्टोरी मोड मात्र चालतो. एपेक्स लेजंड्सची गोष्ट तर सगळ्यात कडू, २०२२ मध्ये चालू केला, लोकांनी अडीच वर्षं खेळला, पैसे घालून स्किन घेतल्या, आणि ३१ ऑक्टोबर २०२४ ला सांगितलं की लिनक्सवरनं चीटर येतात म्हणून आता बंद.

यात तांत्रिक अडचण किती आणि इच्छेची किती, हे नवीन माणसानं समजून घ्यावं. इझी अँटीचीट आणि बॅटलआय हे दोन्ही २०२१ पासून प्रोटॉनवर चालू शकतात, पण ते चालू करणं त्या त्या गेमवाल्याच्या हातात आहे. काही जण करतात, काही करत नाहीत. व्हॅनगार्डसारखं अँटीचीट वेगळं, ते थेट विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यात, जाऊन बसतं. म्हणजे गेटवरच्या वॉचमननं सांगायचं की चोर ओळखायचा असेल तर मला तुमच्या कपाटाची किल्ली पण पाहिजे. लिनक्सवर तसलं कर्नलमध्ये घुसणं त्यांना जमवायचं नाहीये आणि खरं सांगू का, मला पण नकोय. चीटर लोक त्रास देतात हे मान्य, मी पण शिव्या घालतो, पण काउंटर स्ट्राइक २ आणि डोटा २ कर्नलला हात न लावता चालतात आणि दोन्ही लिनक्सवर थेट मिळतात. काउंटर स्ट्राइकमध्ये चीटर नाहीत असं मी म्हणणार नाही, म्हटलं तर पोरं हसतील.

तर वहीतल्या पाचपैकी तीन गेम वरच्या न चालणाऱ्यांच्या यादीत असतील तर लिनक्स टाकू नका. सरळ सांगतो, आठ दिवसात शिव्या देत परत फॉरमॅट मारायला जाल. एक असेल तर दोन्ही ठेवा, विंडोज वेगळ्या डिस्कवर. एकाच डिस्कचे दोन तुकडे करून पण होतं, पण विंडोजचं मोठं अपडेट कधीकधी बूटची गडबड करून ठेवतं, जुनी हार्डडिस्क पडलेली असतेच घरात, ती वापरा.

मशीन

प्रोसेसर आणि रॅमचं विंडोजसारखंच. ८ जीबीत भागतं, १६ असेल तर बरं. फरक पडतो ग्राफिक कार्डात. एएमडी असेल तर काहीच करायचं नाही, ड्रायव्हर मेसा नावाच्या पॅकेजात सिस्टीमसोबतच येतो. इंटेलचं पण तसंच. एनव्हिडियाचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो, मिंटमध्ये ड्रायव्हर मॅनेजर उघडून "रेकमेंडेड" लिहिलंय त्यावर टिक करायचं आणि रीस्टार्ट, झालं.

पण जुन्या एनव्हिडियावाल्यांनो, थांबा. आपल्याकडं जीटी ७१० लोकांनी किलोनं घेतलीत. त्याच्या ड्रायव्हरला व्हल्कन (गेमनं ग्राफिक कार्डाशी बोलायची भाषा) १.३ येत नाही, आणि विंडोजच्या गेमचं चित्रकाम लिनक्सवर करून देणारं डीएक्सव्हीके हे २०२२ च्या शेवटी आलेल्या २.० पासून १.३ च मागतं. जुन्या व्हर्जनवर काही गेम चालवता येतात पण नव्या माणसानं त्या भानगडीत पडू नये. १०५० टीआय, १०६० वाल्यांचं सध्या ठीक आहे, फक्त ५८० मालिकेचा ड्रायव्हर ही तुमची शेवटची मालिका आहे, पुढचे मोठे ड्रायव्हर या कार्डांसाठी नाहीत. कार्ड बंद पडणार नाही, लगेच विकायला काढू नका. नवीन घ्याल तेव्हा एएमडी बघा एवढंच.

टाकायचं कोणतं आणि कसं

लिनक्सचे प्रकार बरेच, कोणता चांगला यावर पोरं रात्रभर भांडतात. मी दोनच नावं सांगतो. कामाचा आणि गेमचा पीसी एकच असेल तर लिनक्स मिंट, कारण दिसायला विंडोजसारखं, २२ वालं २०२९ पर्यंत सपोर्टमध्ये आहे, आणि ताईला पण वापरता येतं. टीव्हीला जोडून फक्त गेमच खेळायचे असतील तर बझाइट, त्यात स्टीम (गेम विकत घ्यायचं आणि उतरवायचं ऑनलाइन दुकान) वगैरे आधीच भरलेलं येतं. बाकी आर्च, कॅशीओएस वगैरे सगळं छान आहे, सहा महिन्यांनी बघा.

फोटो, टॅलीचा डेटा, शाळेचे प्रोजेक्ट सगळं बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, दोनदा बघा. निवडलेल्या लिनक्सची फाइल उतरवून बालेना एचर नाहीतर व्हेंटॉय या सॉफ्टवेअरनं पेनड्राइव्ह बनवा, त्यावरनं बूट करा, इन्स्टॉल न करता आधी वायफाय, आवाज, स्क्रीन नीट चालतंय का ते तपासा. मग इन्स्टॉल. झाल्यावर पहिलं काम टाइमशिफ्ट चालू करणे, ते सिस्टीमचा फोटो काढून ठेवतं, काही बिघडलं की कालच्या दिवसावर परत जाता येतं. भाच्याच्या पीसीवर हे दोनदा कामाला आलंय आणि दोन्ही वेळा "मी काहीच केलं नाही मामा" असंच होतं.

स्टीम आणि प्रोटॉन

स्टीम टाकताना स्नॅप नावाच्या पॅकेजातलं घेऊ नका, त्यात विचित्र अडचणी येतात. मिंटमध्ये सॉफ्टवेअर मॅनेजरमधनं साधं सिस्टीम पॅकेज घ्या. लॉगिन करा, सेटिंग्जमध्ये कंपॅटिबिलिटी आहे तिथं सगळ्या गेमसाठी स्टीम प्ले चालू आहे ना बघा, नव्या स्टीममध्ये ते आधीच चालू असतं. मग विंडोजचा गेमसुद्धा इन्स्टॉल दाबला की उतरतो आणि प्ले दाबला की चालतो.

हे होतं कसं, तर सोलापूरकराला समजावणं सोपं आहे. पूर्व भागातली आजी तेलुगूत भाव विचारते, अक्कलकोटकडनं आलेला भाजीवाला कन्नडमध्ये सांगतो, आणि मध्ये उभं असलेलं पोरगं दोघांचं एकमेकांना सांगत सुटतं, व्यवहार अडत नाही. गेम विंडोजच्या भाषेत मागणी करतो, वाइन नावाचं सॉफ्टवेअर ती लिनक्सच्या भाषेत सांगतं (वाइनचं काम १९९३ पासून चाललंय, पोरांच्या वयापेक्षा जुनं), डायरेक्टएक्स ११ पर्यंतचं चित्रकाम डीएक्सव्हीके व्हल्कनमध्ये बदलतं आणि १२ चं व्हीकेडी३डी. या सगळ्यांचं गाठोडं बांधून स्टीमवाल्या व्हॉल्व्ह कंपनीनं ऑगस्ट २०१८ मध्ये प्रोटॉन दिलं आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच जोरावर स्टीम डेक (हातात धरून खेळायचा लिनक्सवरचा पीसी) विकायला काढला. स्टीम तर लिनक्सवर २०१३ पासूनच आहे, पण खरा फरक डेकनं पडला, कारण आता गेमवाल्यांना लिनक्समध्ये गिऱ्हाईक दिसायला लागलं. ऑक्टोबर २०२५ च्या स्टीमच्या पाहणीत लिनक्सनं पहिल्यांदा ३ टक्के ओलांडले. ३ टक्के म्हणजे काहीच नाही असं म्हणणारे म्हणोत, मी १ टक्क्याचे दिवस बघितलेत.

एक चूक हमखास होते ती सांगतो. विंडोजच्या जुन्या एनटीएफएस डिस्कवर गेम आधीच पडलेत म्हणून लोक तीच डिस्क स्टीमला दाखवतात. गेम दिसतो, प्ले दाबलं की दोन सेकंदात बंद, काही मेसेज नाही. प्रोटॉनला लागणाऱ्या फाइल एनटीएफएसवर नीट बनत नाहीत. गेमसाठी लिनक्सचं एक्सटी४ पार्टिशनच करा. एपिक आणि गॉग या दुकानांतले गेम असतील तर हिरोइक लाँचर टाका, वेगळं काही शिकायला लागत नाही. आणि ते चोरीचे रिपॅकवाले, ज्यांना बाजारात "फुल व्हर्जन" म्हणतात, त्यांच्याबद्दल मला विचारू नका, त्याला ना अपडेट ना सपोर्ट, आणि या लेखाचा विषयच तो आहे.

विकत घेण्याआधी

आता मुद्द्यावर येतो.

पहिलं काम, प्रोटॉनडीबी या वेबसाइटवर गेम शोधा. तिथं खेळणारेच रिपोर्ट लिहितात, प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर असे बिल्ले असतात. बिल्ला बघून उठू नका, खाली जाऊन गेल्या दोन-तीन महिन्यातले रिपोर्ट वाचा. गोल्ड बिल्ला दोन वर्षांच्या गोळाबेरजेचा असू शकतो आणि गेल्या आठवड्यातले सगळे "अपडेटनंतर बंद" म्हणत असतील. तुमच्यासारखं कार्ड कोणाचं आहे ते बघा.

दुसरं, स्टीमवर त्या गेमच्या बातम्यांचं पान उघडा आणि अपडेटच्या तारखा बघा. महिना-दोन महिन्याला छोटा पॅच येतोय, त्यात काय दुरुस्त केलं ते लिहिलंय, तर माणूस कामावर आहे. सगळ्या बातम्या नव्या स्किनच्या आणि सेलच्या, दुरुस्तीची एक ओळ नाही, तर समजून जा. मग चर्चेत "लिनक्स" नाहीतर "प्रोटॉन" टाकून शोधा. लोकांनी तक्रार केली तेव्हा गेमवाला काय म्हणाला? "अधिकृत सपोर्ट नाही पण बघतो" म्हणणारा मला चालतो. गप्प बसणारा अर्धवट चालतो. "विंडोज वापरा" म्हणणाऱ्याचा गेम मी सेलमध्ये ९० टक्के सूट असली तरी घेत नाही.

तिसरं, लिनक्सच्या चिन्हाला भुलू नका. हे मी पैसे घालवून शिकलोय. हायवेवर कुठंपण थांबा, "सोलापुरी चादर" असा बोर्ड असतो, जीआय आपल्याला मिळालंय तरी चादर कुठली असते देव जाणे, आपण बोर्ड बघत नाही, चादर उलटी करून वीण बघतो, काठ ओढून बघतो. तसंच इथं. काही वर्षांपूर्वी मी एक रेसिंगचा गेम घेतला, नाव घेत नाही, पानावर लिनक्सचं चिन्ह ठसठशीत. पहिलं वर्ष एकदम मस्त. नंतर विंडोजला अपडेट यायला लागली आणि लिनक्सचं व्हर्जन तिथंच अडकलं, मित्राच्या आणि माझ्या व्हर्जनचा नंबर जुळेना म्हणून ऑनलाइन खेळता येईना. सपोर्टला लिहिलं तर तीन आठवड्यांनी छापील उत्तर आलं, सिस्टीम रिक्वायरमेंट तपासा. अहो, तुमच्याच पानावर लिहिलंय की! शेवटी प्रॉपर्टीजमध्ये कंपॅटिबिलिटीत जाऊन जबरदस्तीनं प्रोटॉन लावला, विंडोजचं व्हर्जन उतरलं, आणि ते लिनक्सच्या असली व्हर्जनपेक्षा जास्त एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं) द्यायला लागलं. तेव्हा हसावं का रडावं कळेना.

म्हणून माझं मत असं झालंय की सोडून दिलेल्या लिनक्स व्हर्जनपेक्षा गेमवाल्यानं स्वतः तपासलेलं प्रोटॉन परवडलं. बऱ्याच जुन्या लिनक्सवाल्यांना हे पटत नाही, त्यांना असली व्हर्जनच पाहिजे. चांगलं केलेलं असेल तर मला पण पाहिजे. फॅक्टोरिओ बघा, लिनक्सवर मागच्या मागं सेव्ह करायची सोय आहे, ती चालू केली की कारखाना कितीपण मोठा असो सेव्ह होताना गेम थांबत नाही, आणि ही सोय विंडोजवाल्यांना नाही. मन लावून केलं की असं होतं. पण सगळ्यांकडं तेवढं मन नसतं, माणसं पण नसतात. रॉकेट लीगचं तर लिनक्स व्हर्जन होतं, लोकांनी विकत घेतलेलं, जानेवारी २०२० मध्ये सांगितलं आणि मार्चमध्ये शेवटचा पॅच देऊन बंद केलं. पैसे परत द्यायची सोय केली ते मात्र मानतो.

गेमवाल्यांची बाजू पण बघू, एकतर्फी नको. प्लॅनेटरी ॲनिहिलेशनवर काम केलेल्या एकानं सांगितलं होतं की लिनक्सची विक्री ०.१ टक्क्यापेक्षा कमी आणि क्रॅश रिपोर्ट व तक्रारी मात्र २० टक्क्यांच्या वर, बहुतेक ग्राफिक ड्रायव्हरच्या. असं असेल तर छोट्या कंपनीला घाम फुटणारच. उलट २०२१ मध्ये डेल्टा-व्ही रिंग्ज ऑफ सॅटर्न बनवणाऱ्यानं आपला हिशोब मांडला. विक्रीत लिनक्सवाले ५.८ टक्के, बग रिपोर्टमध्ये ३८ टक्के. वरवर बघितलं तर हे पण डोकेदुखीच वाटेल. पण त्या साधारण ४०० रिपोर्टपैकी फक्त लिनक्सवरच येणारे बग होते ३. बाकी सगळे बग विंडोजवाल्यांना पण येत होते, त्यांनी कळवलंच नव्हतं. आणि रिपोर्ट पण कसे, नीट लिहिलेले, लॉग (गेमनं काय काय केलं त्याची नोंद) जोडलेले. तो माणूस तक्रार करत नव्हता, खूश होता. दोन्ही आकडे ज्याच्या त्याच्या अनुभवातले आहेत, पहिला जुन्या ड्रायव्हरच्या काळातला आणि दुसरा नंतरचा, एवढं लक्षात ठेवलं की भांडण मिटतं.

चौथं काम पैसे दिल्यानंतरचं. स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत मिळतात. हे दोन तास कथा बघण्यात घालवू नका. पहिल्या अर्ध्या तासात गेम बंद करून परत चालू करा, सेव्ह लोड करा, फुलस्क्रीनमधनं बाहेर जाऊन परत या, कंट्रोलर जोडा, ऑनलाइन असेल तर एक सामना खेळा. पहिल्यांदा उघडताना "व्हल्कन शेडर" असं काहीतरी टक्केवारी दाखवत बसतं, ते होऊ द्या, नाहीतर गेममध्ये अडखळत चालतं आणि तुम्ही उगाच लिनक्सला दोष द्याल.

अपडेटचं तंत्र

तीन गोष्टी अपडेट होतात, गेम, प्रोटॉन आणि तुमची सिस्टीम ड्रायव्हरसकट. तिन्ही एका दिवशी करायच्या नाहीत. का, तर बिघडलं तर कशानं बिघडलं ते कळत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये तर गंमतच झाली, ग्लिबसी नावाच्या मूळ लायब्ररीच्या २.३६ मध्ये एक जुनी सोय डीफॉल्टनं बंद केली आणि इझी अँटीचीटवाले गेम धडाधड पडले. गेमवाल्याचा दोष नाही, खेळणाऱ्याचा तर नाहीच. मिंटवर अशी मूळ लायब्ररी लगेच बदलत नाही म्हणून आम्ही वाचलो, आर्चवाले अडकले. नवीन माणसाला मी मिंट सांगतो ते यासाठी पण.

गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये अपडेट्स आहे, तिथं "मी चालू करेन तेव्हाच अपडेट कर" असं ठेवता येतं. आवडत्या गेमला हे लावून ठेवा. शनिवारी संध्याकाळी मित्र ऑनलाइन आलेत आणि ४० जीबी उतरायला बसलंय, असं नको असेल तर दुपारीच एकदा उघडून ठेवायचं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर खेळणाऱ्यांनी तर हे आधी करा, दिवसाचा दोन जीबीचा डेटा स्टीम सकाळच्या चहाच्या आत संपवतं. सेटिंग्जच्या डाउनलोड भागात वेळ ठरवून देता येते, मी रात्री दोन ते सहा ठेवलीय.

अपडेटनंतर गेम पडला तर याच क्रमानं करा. प्रॉपर्टीजमध्ये इन्स्टॉल्ड फाइल्स, तिथं फाइल तपासायचं बटण, ते दाबा. आपल्याकडं लाइट जाते, अपडेट अर्धं राहतं, माझ्या निम्म्या तक्रारी इथंच संपल्यात. नाही झालं तर कंपॅटिबिलिटीत जाऊन प्रोटॉन एक्सपेरिमेंटल लावा, तरी नाही तर एक व्हर्जन मागचं लावा. त्यानंतर बीटाज बघा, चांगले गेमवाले तिथं जुनं व्हर्जन ठेवतात, निवडलं की कालचा गेम परत येतो. ही सोय ठेवणाऱ्याला माझ्याकडनं वेगळे मार्क. हे सगळं करून नाही झालं तर जीई-प्रोटॉन म्हणून एक आवृत्ती आहे, प्रोटॉनअप-क्यूटी टाकून ती उतरवता येते, काही गेमचे व्हिडिओ त्यातच दिसतात.

आणि कोणी सांगेल की प्रोटॉनचा कंपॅटडेटा फोल्डर उडव, सगळं ठीक होतं. होतं खरं, पण क्लाउड सेव्ह नसलेल्या गेमचे सेव्ह त्याच फोल्डरमध्ये असतात. भाच्याचे चाळीस तास असेच गेले. मी सांगितलं नव्हतं, यूट्यूबवर बघून केलं बे त्यानं.

सपोर्टला लिहायचं कसं

"गेम चालत नाही प्लीज हेल्प" असं लिहिणाऱ्याला कोणी उत्तर देत नाही, मी पण देत नाही. स्टीमच्या हेल्पमध्ये सिस्टीम इन्फर्मेशन आहे, ते कॉपी करा. गेमच्या लाँच ऑप्शनमध्ये प्रोटॉन लॉग एक अशी सूचना टाकता येते (प्रोटॉनच्या माहितीपानावर आहे, तिथनं कॉपी करा, हातानं टाइप करताना अंडरस्कोर हमखास चुकतो), मग होम फोल्डरमध्ये लॉगची फाइल तयार होते. ती जोडा. प्रोटॉन वापरताय हे लपवू नका. लपवलं आणि नंतर कळलं की पुढच्या लिनक्सवाल्याचं कोणी ऐकून घेत नाही.

मग साध्या वाक्यात, मोडक्या इंग्रजीत चालेल: कुठल्या अपडेटपर्यंत चालत होतं, कुठल्यापासून बंद, मी काय केलं की पडतं, दहापैकी किती वेळा पडतं. मित्राकडं विंडोज असेल तर त्याच्याकडं पण तसंच होतंय का ते बघून लिहा, ही एक ओळ सोन्याची आहे, कारण विंडोजवर पण होतंय म्हटलं की तो "लिनक्सचा बग" राहत नाही, सरळ बग होतो. फक्त लिनक्सवरच असेल तर गिटहबवर प्रोटॉनच्या पानावर त्या गेमच्या नावाचा धागा असतो, तिथं लिहा, नवीन धागा काढत बसू नका.

एका दोन-तीन माणसांच्या छोट्या स्टुडिओला मी असाच रिपोर्ट पाठवला होता, मराठी कीबोर्ड चालू असला की गेमच्या मेनूत बटणं दाबली जात नाहीत म्हणून. चौथ्या दिवशी पॅच. त्यांना मराठी कीबोर्ड कसा असतो माहीतपण नव्हतं, स्क्रीनशॉट मागून घेतला. त्यानंतर त्यांचा पुढचा गेम मी रिव्ह्यू न बघता पूर्ण किमतीत घेतला, सेलची वाट नाही बघितली. मोठ्या कंपन्यांकडनं मला असलं कधी मिळालं नाही, तिथं तिकीट नंबर मिळतो.

चांगलं झालं की पण लिहा. दुरुस्ती झाली की प्रोटॉनडीबीवर दोन ओळी टाका, स्टीमवर रिव्ह्यू टाका आणि त्यात लिनक्सवर खेळतो असं लिहा. विक्री मोजताना प्रोटॉनवरनं खेळलेलं लिनक्सच्या खात्यात जातं, तेवढंच आपलं वजन.

आणि उन्हाळा

हे कुठल्याच इंग्रजी गाइडमध्ये नसतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं ४३ च्या वर पारा जातो, पत्र्याच्या खोलीत लॅपटॉपवर गेम लावला की दहा मिनिटात पंखा विमानासारखा, मग एफपीएस पडतात आणि पोरं म्हणतात नवीन अपडेटनं गेम बिघडवला. बिघडवला नाही बे, तापलाय. मँगोहड टाका, कोपऱ्यात कार्डाचं आणि प्रोसेसरचं तापमान दिसतं. गोव्हरले नावाचं छोटं ॲप आहे, त्यातनं मँगोहडला एफपीएसची मर्यादा घालता येते. लॅपटॉपला ४५, डेस्कटॉपला ६०. खाली ओली चादर वगैरे घालू नका, एकानं घातली होती. दोन वह्या ठेवून लॅपटॉप मागनं उचला, आणि दुपारी बारा ते चार स्टीमला नुसतं डाउनलोड करू द्या, खेळायचं रात्री.